शिल्लक बेकन संपवताना या चुका टाळा

गोव्यात फोंड्याला माझ्या घरी जे स्वयंपाकाचे वर्ग चालतात, त्यांत नाताळनंतर आणि पुन्हा श्रावण तोंडावर आला की एक प्रश्न हमखास विचारला जातो. न्याहारीसाठी बेकनचे पाकीट आणले, चार पट्ट्या वापरल्या, उरलेल्याचे काय करावे? प्रश्न रास्त आहे. पाकीट एकदा फोडले की फ्रिजमध्ये ठेवूनही ते आठवड्याच्या आत संपवावे लागते आणि आपल्याकडे रोज अंड्यांसोबत बेकन खाणारी घरे थोडी. मला त्रास होतो तो त्यानंतरच्या घाईचा. उरले आहे ना, मग टाका पुलावात, टाका आमलेटमध्ये, टाका पास्त्यात, अशा वृत्तीने चांगले बेकन वाया जाते आणि त्याच्यासोबत शिजलेला चांगला पदार्थही.

माझे मत आधीच स्पष्ट सांगते. शिल्लक बेकन मांस म्हणून संपवायला जाऊ नये, ते मसाला म्हणून वापरावे. आपल्या भाजीत मूठभर सुक्या सुंगटांची (कोळंबीची) जी जागा असते, तीच जागा त्याला द्यावी. चार माणसांच्या तांबड्या भाजीला (लाल माठाला) दोन पट्ट्या पुरतात, कोबीला दोन, अळसांद्यांच्या (चवळीच्या) तोणाकाला, म्हणजे रस्साभाजीला, फार तर तीन. यामागे चवीइतकेच आरोग्याचेही कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक ठरवले आणि असे मांस रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असे सांगितले. त्यामुळे पाकिटात उरलेले सगळे एकाच कढईत रिकामे करण्याचा आग्रह मला पटत नाही.

आधी मीठ घालणे

सर्वांत जास्त नासाडी या एका सवयीने होते, म्हणून हिच्याविषयी सविस्तर लिहिते.

बेकन म्हणजे मिठात मुरवलेले, बहुधा धुरी दिलेले डुकराच्या पोटाकडचे मांस. १०० ग्रॅम कच्च्या बेकनमध्ये साधारण २ ते ३ ग्रॅम मीठ असते. तव्यावर त्यातले पाणी उडते, चरबी सुटते, पट्टी कच्च्या वजनाच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्यावर येते, मीठ मात्र बहुतेक तिथेच राहते. कुरकुरीत तुकडा जिभेला इतका खारट लागतो तो यामुळेच. रश्श्यात घातल्यावर हे मीठ हळूहळू बाहेर येते, त्यामुळे पाचव्या मिनिटाला बेताचा वाटलेला रस्सा पाऊण तासाने खारट झालेला असतो.

दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलीने नव्या घरातल्या पहिल्या जेवणासाठी पंधरा माणसांची फेजुआद, म्हणजे राजमा आणि डुकराच्या मांसाचा रस्सा, करायला घेतली. राजमा रात्री भिजवला होता आणि सकाळी शिजवताना सवयीने त्यात मीठ घातले. मग चौरीस, म्हणजे गोव्याचे डुकराच्या मांसाचे मसालेदार सॉसेज, घातली. फ्रिजमध्ये पाव किलो बेकन उरले होते, ते चिरून तेही घातले आणि चव गडद व्हावी म्हणून बाजारच्या सूपच्या दोन वड्या कुस्करल्या. चारही जिन्नस खारट, आणि एकदाही चव पाहिली नाही. बारा वाजता तिचा फोन आला तेव्हा ती रडवेली झाली होती. मी गेले, डावभर रस्सा वाटीत घेतला, निववून चाखला आणि पळीभरही कोणाला वाढता येणार नाही हे लगेच कळले. तोवर तिने सात बटाटे सोलून आत सोडले होते. बटाटा मीठ शोषतो हा समज अजून किती घरांत टिकून आहे! बटाटा रश्श्यातले खारे पाणी पितो आणि स्वतः खारट होतो. मागे उरलेला रस्सा होता तितकाच खारट राहतो.

पाहुणे एक वाजता यायचे होते, नवा राजमा भिजवायला वेळ नव्हता. शेजारणीकडून किलोभर अळसांदे आणले. ते न भिजवताही कुकरमध्ये शिजतात. मीठ न घालता दोन खेपांत शिजवले, मूळ फेजुआद दोन पातेल्यांत वाटली आणि प्रत्येकात निम्मे निम्मे अळसांदे त्यांच्या पाण्यासह मिसळले. जेवण निभावले, पण फेजुआदचा जो दाट, लालसर अंगचा रस असतो तो गेला तो गेलाच. खारटपणावर बिनमिठाचा तोच जिन्नस वाढवणे हा एकच खरा उपाय आहे आणि त्याचीही किंमत चवीत मोजावी लागते.

माझी सवय अशी की बेकन पडणार असलेल्या कोणत्याही पदार्थात शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत मीठ घालायचे नाही. मग चव पाहायची. अपुरे वाटले तर आधी चमचाभर माडाचा विनेगर घालायचा, कारण पुष्कळदा पदार्थाला मीठ नको असते, आंबटपणा हवा असतो. चरबीचा जडपणाही त्याने मोडतो. त्यानंतरही उणे वाटले तरच मीठ, तेही चिमटीने.

तवा तापवून त्यावर बेकन टाकणे

मासे तळण्याची सवय असलेला हात बेकनसाठीही आधी तवा तापवतो, वर तेल सोडतो आणि आच मोठी ठेवतो. तापलेल्या तव्यावर पट्टीचा मांसल भाग आखडून करपायला लागतो आणि चरबी मात्र वितळायची राहून रबरासारखी चिवट होते. थंड तव्यात थंड पट्ट्या पसरा, दोन चमचे पाणी घाला, मंद आचेवर ठेवा आणि दहा-बारा मिनिटे थांबा. तेल लागतच नाही. कारखान्यातल्या बेकनमध्ये मिठाचे पाणी टोचून भरलेले असते, म्हणून सुरुवातीला पांढरा फेस येतो. तो पाणी आणि प्रथिनांचा असतो, घाबरण्याचे कारण नाही. ज्यांना ही दहा मिनिटे जड वाटतात, त्यांनी बेकनऐवजी दुसरे काहीतरी रांधावे, असे मी वर्गात तोंडावर सांगते.

रंगावरून शिजले की नाही ते ठरवू नका. मुरवताना वापरलेल्या सोडियम नायट्राइटमुळे बेकन शिजल्यावरही गुलाबीच राहते. कडा सोनेरी होणे, चरबी पारदर्शक होऊन आटणे आणि तव्यातला तडतडाट मंदावणे या खुणा पाहाव्यात.

याला जोडूनच फोडणीची चूक येते. बेकनच्या चरबीत मोहरी आणि लसूण फार सुंदर उतरतात, पण मोहरी तडतडेपर्यंत तुकडे आतच राहिले तर ते कडू होतात. आधी तुकडे निथळून बाजूला काढा, त्याच चरबीत फोडणी करा, भाजी परतून झाली की तुकडे वरून घाला. तांबडी भाजी या पद्धतीने एकदा करून पाहा, खोबरे नेहमीच्या निम्मे घाला.

सुंगटांना कच्चे बेकन गुंडाळणे

पार्टीच्या फोटोत हा पदार्थ छान दिसतो, म्हणून शिकाऊ लोकांना त्याचा भारी मोह. सुंगट दोन-तीन मिनिटांत शिजते, बेकनला दहा लागतात. परिणामी एकतर सुंगट वातड किंवा बेकन कच्चे. बेकन आधी मऊ राहील इतके अर्धे परता, निववा, मग गुंडाळा. बस्स.

बेकनला चौरीस समजणे

ही चूक आपल्याच प्रदेशातली आहे आणि तिचे मूळ एका चांगल्या सवयीत आहे, म्हणून तिच्याबद्दल मला जास्त वाईट वाटते. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, दिवसांत सुकी मासळी, सोलां (आमसुले), मिरच्या यांच्याबरोबर चौरीसची माळही पावसाळ्यासाठी घरात येते आणि खुंटीला टांगून राहते. ती टिकते, कारण तिच्यात मीठ, मिरची आणि माडाचा विनेगर भरपूर असतो आणि उन्हाने व धुराने तिच्यातले पाणी गेलेले असते. पाकिटातले बेकन तसे नसते. ते ओले असते, त्यात आंबट काही नसते, आणि धुराचा वास आला म्हणून ते टिकाऊ झाले असे होत नाही. एका घरात मी फोडलेले पाकीट रबर लावून चौरीसच्या माळेशेजारी ठेवलेले पाहिले आहे. बेकन नेहमी ४ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली ठेवायचे असते, आणि लिस्टेरियासारखे जंतू त्या थंडीतही सावकाश वाढू शकतात, म्हणून ते कच्चे कधीही खायचे नसते. हाताला बुळबुळीत लागले, आंबूस वास आला किंवा हिरवट-राखाडी छटा दिसली तर धुऊन, मसाला लावून वाचवण्याच्या खटपटीत पडू नका. टाकून द्या.

फ्रीझरचीही अशीच गैरसमजूत आहे. श्रावण पाळणारी घरे आदल्या आठवड्यात उरलेले सगळे फ्रीझरमध्ये कोंबतात आणि चतुर्थी उरकल्यावर बाहेर काढतात. हा काळ सव्वा महिन्याच्या घरात जातो, आणि बेकनची चव फ्रीझरमध्ये महिनाभरच चांगली राहते. कारण मीठच. मिठामुळे चरबी गोठलेल्या अवस्थेतही लवकर खवट होते. साधे मांस महिनोन्‌महिने राहते म्हणून बेकनही राहील असा हिशेब करू नये.

माझी धाकटी जाऊ माशेलला असते. एका जुलैमध्ये झाडे पडून त्यांच्याकडे दोन दिवस वीज नव्हती. फ्रीझरमधले बेकन तेव्हा सुटले, वीज आल्यावर पुन्हा गोठले आणि कोणाच्या लक्षातही आले नाही. चतुर्थीनंतरच्या रविवारी तिने तेच काढून दीड किलो तांदळाचा पुलाव केला. पाकिटाच्या तळाशी गुलाबी पाण्याचा गोठलेला थर होता, तो तिने पाहिला होता. वासही आला होता, पण लवंग-दालचिनीत तो जाईल असे तिला वाटले. झाकण उघडले तेव्हा समईतल्या जुन्या तेलाचा असतो तसा वास स्वयंपाकघरभर पसरला. मी तो पुलाव कोणाला चाखू दिला नाही, सगळा जमिनीत पुरला. चांगला तांदूळ, घरचे तूप आणि तिची सकाळभराची मेहनत त्या खड्ड्यात गेली.

तेव्हापासून माझ्या फ्रीझरमध्ये पाण्याची एक वाटी असते. पाणी गोठले की तिच्यावर रुपयाचे नाणे ठेवते. नाणे वरच असेल तर फ्रीझर थंड राहिला, बर्फात खाली गेलेले दिसले तर मधे सगळे वितळून पुन्हा गोठले, असे समजायचे आणि आतल्या मांसाचा मोह सोडायचा. बेकनसुद्धा मी पाकिटासकट ठेवत नाही. प्रत्येक पट्टीची गुंडाळी करून ताटात सुटी गोठवते, मग पिशवीत भरून हवा काढते आणि वर तारीख लिहिते. भाजीपुरत्या दोनच गुंडाळ्या निघतात, सगळा गोळा सोडवावा लागत नाही. गोठलेली गुंडाळी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सोडवावी, ओट्यावर नव्हे.

थोडक्यात आवरण्यासारख्या चुका

बेकन धुऊ नका. ओल्या पट्टीला चटका नीट बसत नाही आणि नळाखालचे शिंतोडे ओटाभर उडतात.

मऊ बेकन चिरायला सुरीशी झटापट करू नका, पंधरा मिनिटे फ्रीझरमध्ये ठेवून मग चिरा.

माडाचा गूळ, कांदा आणि विनेगर घालून बेकनचा आटवलेला गोड-आंबट मुरंबा फार चांगला होतो, पोईला (गोव्याच्या पावाला) लावून तर विशेषच. पण बरणीत भरले म्हणून ते लोणचे होत नाही. फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्यात संपवा.

गरम चरबी मोरीत ओतू नका, नळीत गोठून बसते.

सुटलेली चरबी टाकून देणे

शिल्लक बेकनमधला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे आणि लोक तो कागदाने पुसून टाकतात. आच मंद ठेवली असेल तर चरबी स्वच्छ, पिवळसर निघते. ती कोमट होऊ द्या, पातळ फडक्यातून गाळा, कारण तळाशी राहिलेल्या करपट कणांमुळे ती लवकर बिघडते. काचेच्या कोरड्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवली की ती पांढरी गोठते आणि दोन-तीन महिने वापरता येते. करपलेल्या बेकनची तपकिरी चरबी मात्र ठेवू नका.

ती एका वेळी चमचाभरच वापरावी. उकड्या तांदळाच्या पेजेसोबत खायची कोबीची भाजी, उकडलेल्या कणग्यांचे (कंदांचे) परतलेले तुकडे, आमलेटखालचा तवा, एवढ्यांना ती खुलवते. मला स्वतःला ती पावसाळ्यात नीरफणसाच्या कापांना सर्वांत आवडते. काप बोटाच्या पेराएवढे जाड ठेवते, हळद आणि तिखट चोळते, रव्यात घोळवते, आणि अर्धे खोबरेल, अर्धी बेकनची चरबी अशा मिश्रणात मंद आचेवर झाकण न ठेवता तळते. कापांना मीठ चोळत नाही.