पायथनने शेकडो प्रमाणपत्रं काढताय? या चुका टाळा

कोरल ड्रॉमध्ये एकेक नाव चिकटवत तीनशे प्रमाणपत्रं तयार करायची आता गरज नाही. एक्सेलमधली यादी, कोरं डिझाइन आणि पायथनची पिलो ही चित्रांवर काम करणारी लायब्ररी असली की वीस-पंचवीस ओळींच्या कोडमध्ये काम होतं. गोची अशी की यातल्या बऱ्याच चुका एरर देतच नाहीत. स्क्रिप्ट निमूटपणे तीनशे चुकीच्या फायली काढून मोकळी होते आणि गठ्ठा छापून आल्यावर पालकांचे फोन सुरू होतात.

‘किरण’चं ‘करिण’ होतंय

सगळ्यात जास्त छळणारी भानगड ही. वेलांटी पुढच्या अक्षरावर जाऊन बसते, ‘प्र’ फुटून पाय मोडलेला ‘प’ आणि सुटा ‘र’ दिसतो. मग लोक फॉन्टवर फॉन्ट बदलत बसतात. फॉन्टचा यात काही दोष नसतो. पिलोची साधी मांडणी अक्षरं टाइप केलेल्या क्रमानेच ठेवत जाते. वेलांटी आधी घेणं, जोडाक्षर जुळवणं हे काम लिबरॅक्म ही अक्षरमांडणीची वेगळी लायब्ररी करते. पिलोच्या ‘फीचर्स’ मॉड्यूलमधल्या ‘चेक’ला ‘रॅक्म’ विचारा. उत्तर ‘फॉल्स’ आलं तर रोग सापडला. पिलो ८.२ पासूनच्या तयार पॅकेजात लिबरॅक्म आतच असते, पण तिला लागणारी फ्रिबिडी ही आणखी एक लायब्ररी मशीनवर असावी लागते. विंडोजवर नेमकी तीच नसते. तिची डीएलएल फाइल सिस्टिमच्या शोधमार्गातल्या फोल्डरमध्ये टाका.

चाचणीला ‘राम’ घेऊ नका, राम कुठेही नीट दिसतो. गोऱ्हे, किर्लोस्कर, ज्ञानेश्वर, लक्ष्मी अशी नावं आधी काढून बघा.

यादीतच घोळ

एक्सेलमधून साधी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेली मजकूर-फाइल) सेव्ह केली की मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येऊ शकतात. त्या फाइलमधून नावं परत मिळत नाहीत, मूळ एक्सेल जपून ठेवा आणि ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार निवडा. मग पुढची गंमत: ‘नाव’ हा पहिला कॉलम डोळ्यांसमोर असूनही पायथन तो सापडत नाही म्हणतं. फाइलच्या सुरुवातीला एक्सेलने न दिसणारी खूण टाकलेली असते. फाइल उघडताना एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ द्या.

यादी श्री-लिपी किंवा कृतिदेव अशा युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधली असेल तर आधी कन्व्हर्टरने युनिकोड करा आणि रफार, जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा.

फायली कमी भरतात

एका शाळेत दोन सुनीता पाटील असणारच. फाइलला नुसतं नाव दिलंत तर दुसरी पहिलीला गिळते, तेही न बोलता. नावाआधी अनुक्रमांक लावा. याच जातीचा धोका इमेजमॅजिक या चित्रं बदलणाऱ्या प्रोग्रामच्या ‘मॉग्रिफाय’मध्ये आहे. ती कमांड मूळ फायलींवरच लिहिते, त्यामुळे कॉपी केलेल्या फोल्डरवरच चालवा.

लांबलचक नाव चौकटीबाहेर जात असेल तर पिलोच्या ‘टेक्स्टबीबॉक्स’ने रुंदी मोजून मावेपर्यंत अक्षर लहान करा.

प्रेसवाला फाइल परत पाठवतो

ए-४ ला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. त्याहून लहान डिझाइनवर नुसता डीपीआयचा आकडा वाढवून धार येत नाही. खरी फसगत रंगात होते. पिलोमध्ये आरजीबीचं (स्क्रीनचे रंग) थेट सीएमवायके (छपाईचे चार रंग) केलं की काळा रंग शुद्ध काळा राहत नाही. सायन, मॅजेंटा, यलो तिन्ही शंभर टक्के आणि ब्लॅक शून्य! ऑफसेटवर प्लेट केसभर सरकली तरी बारीक अक्षरांना रंगीत कडा येतात, शाई वाळायलाही वेळ लागतो. आयसीसी प्रोफाइल (रंग कसे बदलायचे ते सांगणारी फाइल) वापरून रूपांतर करता येतं, पण तरीही काळा चार रंगांत विभागला जाऊ शकतो.

माझं मत विचाराल तर या फंदात पडूच नका. कोरं प्रमाणपत्र डिझायनरच्या मूळ फाइलवरून ऑफसेटला छापून घ्या. स्क्रिप्टने फक्त नावांची, पांढऱ्या पानांची पीडीएफ काढा आणि ती लेझर प्रिंटरवर त्याच कागदांवर चढवा. कागद लेझरला चालणारा आहे ना, एवढं मात्र छापण्याआधीच विचारून घ्या.