विमानात कान दुखतात? या चुका टाळा

नागपूरहून पुणे किंवा मुंबई म्हणजे जेमतेम दीड तासाचं उड्डाण, त्यामुळे ‘थोडी सर्दी आहे, पण चालतंय’ म्हणून लोक निघतात. प्रवास किती लांबचा, याच्याशी कानाला काही घेणंदेणं नसतं. विमान खाली उतरताना त्रास होतो आणि उतरायचं तर प्रत्येक विमानाला असतंच.

केबिनमध्ये हवा दाबून भरलेली असते, पण जमिनीवर असते तेवढी नाही. आतला दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका ठेवतात. नागपूर सुमारे ३१० मीटरवर, कळसूबाई १६४६. म्हणजे नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून उडाल्यावर थोड्याच वेळात तुमचं शरीर कळसूबाईच्याही वर गेलेलं असतं.

वर जाताना मधल्या कानातली हवा घशाकडच्या नळीतून आपसूक बाहेर पडते. उतरताना मात्र तीच हवा आत घ्यावी लागते, आणि सर्दीने नळी सुजलेली असेल तर ती उघडतच नाही. पडदा आत ओढला जातो, दडे बसतात, ठणका लागतो. म्हणून नाक पूर्ण चोंदलेलं असेल तर तिकीट पुढे ढकलणं उत्तम. जाणं भागच असेल तर नाकात मारायच्या स्प्रेबद्दल आधी डॉक्टरांना विचारा, विशेषतः बीपी असेल तर.

दुसरी चूक झोपेची. आवंढा गिळला की कानाची ती नळी उघडते, पण झोपेत आपण आवंढे कमी गिळतो. लँडिंगच्या अर्धा तास आधी जागे व्हा, गोड गोळी चघळा, जांभया द्या. तान्ह्या बाळाला त्याच वेळी अंगावर पाजा किंवा बाटली द्या. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हवा सोडायची तर अगदी हळू. जोर लावलात तर पडद्यालाच इजा होऊ शकते.

उंचीवर पोटातला गॅसही तीसेक टक्क्यांपर्यंत फुगतो. पहाटेचं विमान असेल तर आदल्या रात्रीचं सावजी राहू द्या.

ऑक्सिजनच्या मास्कची सूचना मात्र कान देऊन ऐका. सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबई–जयपूर जेट एअरवेजच्या विमानात केबिनचा दाब राखणारा स्विच चालू करायचा राहिला. मास्क खाली आले, तीसेक प्रवाशांना त्रास झाला, काहींच्या नाका-कानातून रक्त आलं. ३५,००० फुटांवर दाब गेला तर भान साधारण अर्धा ते एक मिनिट टिकतं. आईबापांना हे जड जातं, पण आधी स्वतःला मास्क लावा, मग लेकराला. मास्कची पिशवी फुगली नाही तरी ऑक्सिजन येत असतो.

आणि पट्टा. दिवा विझला की टकटक पट्टे सुटतात. मे महिन्यात दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवा वर उसळते, तेव्हा नागपूरला उतरताना चांगलेच हिसके बसतात. बसलेले असाल तोवर पट्टा कमरेच्या हाडावर असू द्या, पोटावर नको. उन्हाळ्यात सकाळचं विमान त्यातल्या त्यात शांत जातं.

घरी पोचल्यावरही दडे सुटले नाहीत तर कोणीतरी कोमट तेल घालायला सांगतंच. घालू नका. पडद्याला भोक पडलं असेल तर तेल थेट आत जाईल. दोन-तीन दिवसांत कान मोकळा झाला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. रक्त आलं, ऐकू कमी येऊ लागलं किंवा गरगरलं, तर त्याच दिवशी गाठा आणि परतीच्या विमानाचं त्यांनाच विचारा.