माती ओली, तरी झाड सुकतंय? पाणी देताना या चुका टाळा

गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तरी मार्च लागला की आपण पाइप घेऊन झाडांमागे. जांभ्याची माती खडेवाली, त्यात कुजलेला पालापाचोळा कमी, मोठ्या पोकळ्यांतलं पाणी सरळ खाली उतरतं.

माझं लिंबाचं झाड चिऱ्यांच्या कंपाउंडला लागून आहे, रोज संध्याकाळी दोन मिनिटं पाणी मारायचो, वरची माती मस्त ओली दिसायची आणि पानं मात्र मान टाकून. शेवटी कुदळ घातली तर चार बोटं ओल आणि खाली लाल भुकटी, मुळंसुद्धा सगळी वरच गोळा झालेली, खाली पाणीच नाही तर ती जातील कशाला! आता चार-पाच दिवसांनी एकदाच, पण आळं भरून, हळूहळू.

दुसरं म्हणजे ओल हाताला लागली की पाणी आहे असं धरून चालणं. जास्तीचं पाणी उतरून गेल्यावर जो वाफसा येतो ना, त्यात पाणी आणि हवा दोन्ही असतात, झाडाला तेच हवं. पुढे माती सुकत जाते तसं उरलेलं पाणी कणांना घट्ट चिकटतं, ती पकड साधारण १५ बारच्या (बार म्हणजे दाब मोजायचं एकक) वर गेली की बहुतेक झाडांना ते ओढता येत नाही. चिकणमातीत तेव्हाही बऱ्यापैकी पाणी असतं, पण उपयोग काय.

खाजनाकाठच्या, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या सखल जमिनीजवळच्या परसात तर मीठच पाणी धरून ठेवतं. मातीवर पांढरी पूड दिसली की लोक खत घालतात, झाड अजून सुकतं कारण रासायनिक खतही शेवटी क्षारच. तिथे आधी निचरा करा, मग भरपूर गोड्या पाण्याने धुवा.

कुंडीच्या तळाला खडे घालू नका, बारीक मातीतलं पाणी खड्यांच्या वरच अडून बसतं आणि मुळं कुजतात. कोकोपीट एकदा कडक वाळलं तर वरून ओतलेलं पाणी कडेकडेने निघून जातं, कुंडी अर्धा तास बादलीत बुडवून ठेवा.

दुपारी पानं मलूल झाली म्हणून लगेच धावू नका. सकाळीही तशीच असतील तर खुरपं घालून वीतभर खाली बघा.

आणि आळ्यात नारळाची सोडणं पसरा, ऊन थेट मातीला लागत नाही. शेजारच्या काकी आधी पोतंभर फुकट द्यायच्या, माझं लिंबू बघितल्यापासून स्वतःच्या पोफळींनाच घालतात.