टोकन मेननेटवर नेण्यापूर्वी

ब्लॉकचेनच्या (अनेक संगणकांनी मिळून राखलेल्या सामायिक नोंदवहीच्या) खऱ्या जाळ्यावर, म्हणजे मेननेटवर, स्वतःचे टोकन म्हणजे डिजिटल एकक तयार करायचे म्हटले की पहिली चौकशी शुल्काची होते. खरे तर आधी ठरवायला हवे ते हे, की त्या टोकनभोवती पुढे विकेंद्रित ॲप (ज्याचा कोड एका कंपनीच्या सर्व्हरऐवजी ब्लॉकचेनवर चालतो) उभे करायचे आहे का आणि ते कोणत्या प्रोग्रामिंग भाषेत लिहायचे. २०१५ मध्ये सुरू झालेले इथेरियम आणि त्याच्या व्हर्च्युअल मशीनशी (कोड चालवणाऱ्या यंत्रणेशी) जुळणाऱ्या पॉलिगॉन, बीएनबी चेन यांसारख्या ब्लॉकचेन साखळ्यांवर सॉलिडिटी ही भाषा चालते, त्यामुळे एकदा लिहिलेले कॉन्ट्रॅक्ट (साखळीवर चालणारा प्रोग्राम) थोड्याफार फेरफाराने दुसरीकडेही नेता येते. सोलाना या वेगळ्या साखळीवर प्रोग्राम प्रामुख्याने रस्ट या भाषेत लिहितात; मात्र साध्या टोकनासाठी तिथे नवा प्रोग्राम लागत नाही, उपलब्ध टोकन प्रोग्राम वापरून मिंट खाते (त्या टोकनाची नोंद ठेवणारे खाते) उघडले की काम होते.

शिकणाऱ्याने इथेरियमपासून सुरुवात करावी, असे मला वाटते. ब्राउझरमध्ये रीमिक्स हे कोड लिहिण्याचे साधन उघडून ओपनझेपेलिन या तयार कोडसंग्रहातले ईआरसी-२० (इथेरियमवरील टोकनांचे प्रमाण) कॉन्ट्रॅक्ट आयात करावे, मेटामास्क हे वॉलेट (टोकन व त्यांच्या चाव्या सांभाळणारे ॲप) सेपोलिया या टेस्टनेटला, म्हणजे सरावाच्या जाळ्याला, जोडावे आणि फॉसेटवरून (ते फुकट देणाऱ्या संकेतस्थळावरून) चाचणीचे इथर, म्हणजे इथेरियमचे चलन, मिळवावे.

यानंतरची चूक मात्र हमखास होते. ओपनझेपेलिनच्या कोडमध्ये टोकनाचे १८ दशांश गृहीत धरलेले असतात आणि कॉन्ट्रॅक्टला फक्त पूर्णांक कळतात. मिंट करताना (नवे टोकन तयार करताना) नुसते १००० लिहिले, तर १००० टोकन तयार न होता १००० सर्वांत लहान एकके तयार होतात आणि वॉलेटमध्ये जवळपास शून्यच दिसते. म्हणून संख्येला १० च्या १८ व्या घाताने गुणावे.

नवे टोकन मिंट करण्याचा अधिकार कोणाकडे राहणार, हेही याच टप्प्यावर ठरवावे, कारण साखळीवर गेलेला कोड एरवी बदलता येत नाही आणि सोलानावर मिंटचा अधिकार एकदा सोडला की तो परत मिळत नाही.

ॲपमधून वापरकर्त्याचे टोकन वळते करायचे असतील, तर आधी त्याच्याकडून 'अप्रूव्ह'ची, म्हणजे ठरावीक रकमेपर्यंत टोकन हलवू देण्याची, परवानगी घ्यावी लागते. इथे अमर्याद रक्कम मागण्याची सवय अनेक ॲपना आहे. ती टाळावी आणि व्यवहारापुरतीच मागावी, कारण कॉन्ट्रॅक्टमध्ये दोष निघाला तर त्या परवानगीच्या आधारे वापरकर्त्याचे टोकन काढून घेतले जाऊ शकतात. बाहेरच्या पत्त्यावर रक्कम पाठवण्याआधी कॉन्ट्रॅक्टने त्याची शिल्लक वजा करणेही तितकेच आवश्यक आहे, नाहीतर तीच रक्कम पुन्हा पुन्हा काढता येते: २०१६ मध्ये इथेरियमवरील 'द डाओ' या गुंतवणूक निधीमधून सुमारे ३६ लाख इथर वळवले गेले, ते हा क्रम उलटा असल्यामुळे.

मेननेटवर जाताना डिप्लॉयसाठी (कॉन्ट्रॅक्ट साखळीवर चढवण्यासाठी) वेगळे वॉलेट वापरावे, त्याचे बीजशब्द (वॉलेटचा ताबा देणारे गुप्त शब्द) कोडच्या फोल्डरमध्ये ठेवू नयेत आणि डिप्लॉय होताच इथरस्कॅन या इथेरियमच्या नोंदी दाखवणाऱ्या संकेतस्थळावर मूळ कोड पडताळून घ्यावा. त्यासाठी कंपायलरची (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या साधनाची) आवृत्ती व सेटिंग तंतोतंत तीच द्यावी लागतात.