देव न मानणाऱ्यांनी ‘पॅशन’ कसा बघावा

आधी माझी चूक सांगते, म्हणजे तुम्ही ती करणार नाही. 2004 साली मेल गिब्सनचा ‘द पॅशन ऑफ द ख्राइस्ट’ हा येशूच्या छळाचा आणि मृत्यूचा सिनेमा आला तेव्हा मी नुकतीच नर्स म्हणून कॅज्युअल्टीत लागले होते. घरात देव्हारा नाही याची ऐट होतीच, त्यात नवं नवं शिक्षण. थिएटरात फटक्यांचा प्रसंग सुरू झाला आणि मी मैत्रिणीच्या कानाशी हिशेब मांडायला बसले: माणसाच्या अंगात रक्त असतं साधारण पाच लिटर, एवढं गेल्यावर हा उभा कसा राहील, नाडी तरी लागेल का. पुढच्या रांगेतल्या एक बाई दोनदा मागे वळल्या. रडत होत्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी मध्यंतरातच उठले आणि पुढची वीस वर्षं ‘तो ना, नुसती मारझोड’ असं अर्ध्या सिनेमाच्या जोरावर सांगत फिरले.

गेल्या गुड फ्रायडेला तो अख्खा पाहिला, आमच्या मजल्यावरच्या आंटीकडे. आंटी ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मराठी बोलणाऱ्या कॅथलिक समाजातल्या, मूळ ठाण्याच्याच. तलावपाळीच्या काठच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झालेला. “ये गो, पण मध्ये बडबड नको,” एवढीच अट.

तर पहिलं काम: सिनेमाआधी मूळ मजकूर वाचा. मराठी बायबलमधल्या मत्तयाच्या किंवा योहानाच्या शुभवर्तमानाची, म्हणजे येशूच्या चरित्राची, शेवटची काही पानं, अर्ध्या तासाचं काम. योहानाच्या एकोणिसाव्या अध्यायात पिलाताने, म्हणजे रोमन सुभेदाराने, येशूला फटके मारवले हे पहिल्याच ओळीत येतं आणि त्याच ओळीत संपतं. किती फटके, कशाने, रक्त किती, काही नाही. सिनेमात तो प्रसंग संपता संपत नाही. आधी वाचलं असलं की कळतं, ही लांबी धर्मग्रंथाची नाही, दिग्दर्शकाची आहे. मग ‘धर्म हा असाच रक्ताळलेला’ असं म्हणायची घाई होत नाही. मी वीस वर्षं नेमकं तेच म्हणत होते.

अर्थात, भर घातलेलं सगळंच फुकट नाही. फटके थांबल्यावर पिलाताची बायको येशूच्या आईच्या, मरियेच्या हातात पांढरी फडकी आणून देते आणि मरिया गुडघ्यांवर बसून फरशीवरचं रक्त टिपते. हे चारही शुभवर्तमानांत नाही. ॲन कॅथरीन एमरिक नावाच्या जर्मन जोगिणीच्या दृष्टान्तांचं पुस्तक 1833 साली निघालं, त्यातून ते आलंय. पण मला सिनेमातलं सगळ्यात खरं तेच वाटलं. आमच्याकडे ॲक्सिडेंटची केस आली की पेशंट आत जातो आणि आई बाहेर उरते. तिला करायला काहीच नसतं. एकदा एक बाई स्वतःच्या पदराने स्ट्रेचरची दांडी पुसत बसल्या होत्या. मावशी म्हणाल्या, राहू द्या, मी पुसते. त्या ऐकेनात. दांडी लखलखीत झाली तरी पुसतच होत्या.

एकट्याने बघू नका, आणि आपल्यासारख्याच नास्तिकांचं टोळकं जमवून तर मुळीच नको. त्यात विनोद सुरू होतात. ज्याला हे खरं वाटतं अशा माणसाशेजारी बसा आणि अधूनमधून पडद्यावरची नजर काढून त्याच्याकडे बघा. मी ‘हा जगेल कसा’ म्हणत होते तिथे आंटींचे ओठ हलत होते. नंतर विचारलं तर म्हणाल्या, “माझ्यासाठी खाल्ले ना गो त्याने.” त्यांच्या लेखी प्रत्येक फटक्यावर त्यांचं नाव होतं. माझ्या लेखी तिथे एका माणसाला मारत होते आणि कोणी थांबवत नव्हतं. पडदा एकच. हे मला पटलं असं नाही, पण पुढच्या रांगेतल्या त्या बाई का रडत होत्या ते कळलं.

सहन होत नसेल तर एक सोपी युक्ती: आवाज बंद करा. सिनेमा आरामाइक, हिब्रू आणि लॅटिनमध्ये आहे, म्हणजे तुम्ही तसंही खालची अक्षरंच वाचणार. काही बिघडत नाही. चाबकाचा आवाज गेला की निम्मी धडधड जाते. 2005 साली काही मिनिटं कापून जरा मवाळ आवृत्तीही काढली होती. मिळाली तर ती बघा, त्यात कमीपणा कसला?

आता एक गोष्ट जिथे मान डोलावून गप्प बसू नये. खलनायक कोण दाखवलाय ते बघा. पिलात बिचारा पेचात सापडलेला, आणि यहुदी पुरोहित व जमाव रक्ताला हपापलेले. ‘त्याचं रक्त आमच्यावर आणि आमच्या मुलाबाळांवर’ हे मत्तयातलं वाक्य सिनेमात ऐकू येतं, फक्त त्याचं भाषांतर पडद्यावरून काढलंय. या वाक्याच्या आधाराने युरोपात यहुद्यांनी शतकानुशतकं मार खाल्ला. येशूच्या मृत्यूचा दोष सरसकट यहुद्यांवर टाकता येत नाही, असं खुद्द कॅथलिक चर्चने 1965 मध्ये व्हॅटिकन परिषदेत लिहून दिलं. मी ड्यूटीला टेंभी नाक्यावरून जाते. तिथे बेने इस्रायलींचं, म्हणजे आपल्याकडच्या यहुद्यांचं सिनेगॉग (प्रार्थनाघर) आहे, 1879 सालचं. घरात मराठी बोलणारी माणसं. सिनेमा बघून दुसऱ्या दिवशी त्या फाटकावरून जाताना जरा अवघडल्यासारखं झालं. आंटींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, “येशू पण यहुदीच की.”

सिनेमा संपला की लगेच वाद काढू नका. दोन तास सात मिनिटं माणूस रडलेलं असतं. बोलायचंच असेल तर तुम्हाला जे खरं वाटलं तेवढंच बोला. मी फडक्यांचं बोलले. मग येशू क्रुसावर ‘मला तहान लागली आहे’ म्हणतो त्याबद्दल. योहानाने ते टिपून ठेवलंय, आणि चाबकाच्या सगळ्या आवाजापेक्षा मला ते खरं वाटतं, कारण रक्त गेलेला माणूस पाणीच मागतो. हातपाय गार पडतात, घाम सुटतो, आणि मग सुरू होतं, सिस्टर पाणी, सिस्टर पाणी. त्या वेळी त्यांना दुसरं काही नको असतं.

“मग देता?” आंटींनी विचारलं.

“नाही देता येत. ऑपरेशनला न्यायचं असतं, पोट रिकामं लागतं. बोळा ओला करून ओठांना लावतो.”

आंटी थोडा वेळ बंद टीव्हीकडे बघत राहिल्या. मग उठल्या, आत जाऊन पेज घेऊन आल्या आणि आधी माझ्यापुढे ठेवली.