एल्कसाठी एकच रायफल घ्यायची, तर

दुकानात पाऊल टाकण्याआधी कागद जुळवा. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला हंटर एज्युकेशनचा कोर्स केल्याशिवाय शिकारीचा परवाना मिळत नाही. ग्रीन कार्ड असेल तर पुढचा रस्ता सरळ आहे. एच-वन-बीवर असाल तर मात्र क्रम चुकवू नका. नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्याला बंदूकच काय, काडतूस जवळ ठेवायलाही इथल्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे, आणि त्यातला आपल्या कामाचा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना. म्हणून आधी कोर्स, मग परवाना, मग रायफल. परवान्याची मुदत संपण्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि एकदा इमिग्रेशनच्या वकिलाला विचारून घ्या, त्यात कंजुषी नको. पैसे भरले की रायफल लगेच हातात पडत नाही, इथे किमान तीन दिवस थांबावं लागतं. खरेदी उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच करा, कारण मधले महिने सरावाला लागणार आहेत.

इथल्या लोकांकडे आजोबांची रायफल असते आणि ती कशी धरायची हे त्यांना बाराव्या वर्षीच कळलेलं असतं. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली, ते योग्यच झालं. पण त्यामुळे आपण काउंटरपाशी उभे राहतो तेव्हा विक्रेता सांगेल तेच आपल्याला खरं वाटतं. माझंही तसंच झालं. एल्क म्हणजे सांबराच्या कुळातलं पण त्याहून थोराड जनावर, नर सातशे पौंडांपर्यंत भरतो, तेव्हा काडतूसही दांडगंच हवं असं मला पटवण्यात आलं आणि मी .३०० विंचेस्टर मॅग्नम घरी घेऊन आलो.

त्या रायफलीत काही खोट नव्हती. ती मला झेपत नव्हती, एवढंच. साडेआठ पौंडांच्या रायफलीतून १८० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सुटली की मॅग्नमचा धक्का पंचवीस फूट-पौंडांच्या (धक्क्याच्या जोराचं माप) वर जातो. तेवढ्याच वजनाच्या .३०-०६मध्ये तो वीसच्या आसपास राहतो. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो, खांद्याला तो दहाव्या गोळीपासून कळायला लागतो. दुसऱ्या वर्षी मी एका मादीवर गोळी झाडली. बर्फावर थोडं रक्त होतं, मग पाइनच्या झाडीत मोठ्या अंतराने एकेक थेंब. अंधार पडेपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शोधलं. ती सापडली नाही. नंतर रेंजवर मित्राने माझी परीक्षा घेतली. मला न दाखवता तो कधी खरं काडतूस भरायचा, कधी नुसतं डमी. डमीवर मी चाप ओढला की नळीचं तोंड ठळकपणे खाली जायचं आणि डोळे मिटायचे. धक्क्याच्या भीतीने मी आधीच अंग चोरत होतो. ही परीक्षा रायफल घेतल्यावर पहिल्याच महिन्यात द्या, जनावरासमोर नको.

म्हणून कॅलिबर, म्हणजे काडतुसाचं माप, निवडताना जनावराच्या आधी स्वतःचा खांदा बघा. माझं मत विचाराल तर .३०-०६ स्प्रिंगफील्ड. नावातला ३० म्हणजे नळीचा व्यास, इंचाचे शंभरांश, आणि ०६ म्हणजे १९०६, त्या वर्षी अमेरिकी सैन्याने ते स्वीकारलं. म्यूल डिअर जातीच्या हरणाला १५० ग्रेन, एल्क आणि त्याहून मोठ्या मूसला १८०, एवढा पल्ला एकाच रायफलीत मिळतो. शिवाय डोंगरातल्या लहान गावात काडतुसं संपली तरी तिथल्या हार्डवेअरच्या दुकानात याची खोकी बहुधा असतातच. अंगाने सडपातळ असाल तर १९५२चं .३०८ विंचेस्टर घ्या, धक्का थोडा कमी, नळी थोडी आखूड चालते. १९२५चं .२७०सुद्धा एल्कला पुरतं, फक्त गोळी मजबूत हवी. सहा-पॉइंट-पाच क्रीडमूर हरणासाठी फार गोड आहे, एल्कवर मी ते जवळच्या अंतरापुरतंच वापरेन. आणि ‘सगळ्यासाठी एक’ म्हणजे आफ्रिकेतल्या रेड्यासाठीही, असं समजू नका. तिथे बऱ्याच देशांत कायदाच .३७५ मागतो.

कॅलिबर ठरलं की रायफल अंगाला बसते का ते पाहा. कपडे शिवायला देताना माप देतो तितक्या बारकाईने पाहा. दुकानात जाताना शिकारीचं जाड जॅकेट घालून जा. रायफल रिकामी असल्याची खात्री करा, समोर सुरक्षित दिशा निवडा, डोळे मिटा, रायफल खांद्याला लावा, गाल दस्त्यावर टेकवा आणि मग डोळे उघडा. दुर्बिणीत पूर्ण गोल दिसला पाहिजे. मान पुढे ताणावी लागली तर दस्ता लांब आहे. बहुतेक दस्ते चापापासून मागच्या टोकापर्यंत साडेतेरा इंचांच्या आसपास असतात आणि आपल्यातल्या अनेकांना, बायकांना तर नक्कीच, ते जास्त होतात. माझ्या बायकोचा दस्ता आम्ही जवळपास इंचभर कापून घेतला आणि तिचे नेम त्याच आठवड्यात सुधारले. मान ताणून नेम धरणाऱ्याच्या भुवईवर दुर्बिणीची कड बसते, ती जखम मी पाहिली आहे. हातमोजे घालून बोल्ट (काडतूस भरायचा-काढायचा दांडा) मागेपुढे करा, सेफ्टी अंगठ्याने सरकवा. सेफ्टीचा खटका शांत पहाटे किती मोठा वाजतो तेही ऐका.

असा बोल्ट हाताने ओढायची, म्हणजे बोल्ट अ‍ॅक्शनच घ्या. दस्ता सिंथेटिक, नळी स्टेनलेस. लाकूड देखणं असतं, पण ओलं झालं की फुगतं आणि नेम सरकतो. दुर्बिणीसकट वजन आठ पौंडांच्या आसपास ठेवा. त्याहून फार हलकी रायफल दहा हजार फुटांवर चढताना बरी वाटते, पण धक्का जास्त देते आणि धापा टाकताना स्थिर राहत नाही. दुर्बीण साधी ३-९ पटीची पुरे. तिला रायफलीवर धरणाऱ्या रिंगा मात्र चांगल्या घ्या.

उरलेला पैसा काडतुसांत घाला. कोलोरॅडोत एल्कला अंगात शिरल्यावर फुलणारी, किमान ८५ ग्रेनची गोळी लागते. मी तांब्याची गोळी घेतो, म्हणजे मांसात शिशाचे कण राहत नाहीत. ज्या काडतुसाने शून्य जुळवलं, म्हणजे दुर्बिणीतला नेम आणि गोळी लागण्याची जागा एक केली, त्याच जातीची खोकी शिकारीला न्या. २०० यार्डांवर शून्य जुळवलं की १८० ग्रेनची गोळी ३०० यार्डांवर आठ-नऊ इंच खाली लागते, हे स्वतःच्या रायफलीवर मोजून घ्या. मग टेबल सोडा. बसून, गुडघ्यावर, काठीला टेकवून, थोडं पळून धाप लागल्यावर झाडा. नऊ इंची कागदी थाळीत पाचपैकी पाच गोळ्या ज्या अंतरापर्यंत बसतात, ते तुमचं अंतर. माझं २२० यार्ड आहे आणि मी त्याच्या पलीकडे चाप ओढत नाही, समोर कितीही मोठा नर उभा असो.

निघायच्या आदल्या रात्री बोल्टमधलं जादा तेल पुसून काढा, थंडीत ते घट्ट होऊन काडतुसावर आपटणारी सुई मंदावते. नळीतून उजेड आरपार दिसतो ना पाहा आणि तोंडावर टेपचा तुकडा लावा, म्हणजे बर्फ आत जाणार नाही. ५०० चौरस इंचांचं भडक नारिंगी किंवा गुलाबी अंगावर, त्यात टोपीही आली. परवाना खिशात. काडतुसं वेगळी, आणि गाडी थांबवून खाली उतरेपर्यंत चेंबर (नळीच्या मागची काडतुसाची जागा) रिकामी.