समोर दोन हजारवाला बसला की

बुद्धिबळ स्पर्धेत स्विस पद्धतीने जोड्या लावल्या की पहिल्या फेरीला रेटिंगच्या यादीच्या वरच्या अर्ध्याची गाठ खालच्या अर्ध्याशी पडते. माझं रेटिंग, म्हणजे खेळाच्या ताकदीचा आकडा, 1612. म्हणजे फोंड्याहून सकाळची कदंबा बस पकडायची, पणजी गाठायची आणि दोन हजारांवर रेटिंगवाल्या कुणाचा तरी मार खायचा, हे ठरलेलंच. मार खाऊन जे कळलं ते सांगतो.

जोड्यांची यादी लागली की आधी हिशेब करा. रेटिंगमधला फरक 578 असला तरी फिडे ही जागतिक बुद्धिबळ संघटना तो 400 च धरते. माझा के, म्हणजे रेटिंग किती वर-खाली होणार ते ठरवणारा गुणक, 20. हरलो तर रेटिंगचे 1.6 गुण जातात, बरोबरीला 8.4 येतात. भाजी-पावाच्या पैशांत जेवणावळ! आणि 2025 च्या विश्वचषकात, आपल्या गोव्यात हडफड्यातच, जगज्जेता गुकेश तिसऱ्या फेरीत जर्मनीच्या फ्रेडरिक स्वानेकडून हरून बाहेर पडला, हेही आठवा.

ओपनिंग, म्हणजे सुरुवातीच्या चाली, रोजचंच खेळा. रात्री यूट्यूबवर पाहिलेलं नको.

खरी चूक पुढे होते. पट रिकामा केला की बरोबरी सुटेल, या आशेने आपण दिसेल ते एक्स्चेंज करत सुटतो, म्हणजे त्याचं मोहरं मारायचं आणि बदल्यात आपलं द्यायचं. म्हापशाला एका पोरासमोर चौदाव्या चालीला मी वजीर एक्स्चेंज केला आणि सुटलो म्हणत पाणी पिऊन आलो. सत्तेचाळिसाव्या चालीला राजीनामा. मोहरी कमी झाली की त्याला चुकायला जागाच उरत नाही, तो न कंटाळता एकेक प्यादं रेटतो. म्हणून मारण्याआधी बघा, परत मारताना त्याचं मोहरं चांगल्या घरात येतंय का? येत असेल तर न मारता ताण तसाच ठेवा.

तो झरझर खेळतो म्हणून तुम्ही खेळू नका. नव्वद मिनिटं आहेत, वर चालीला 30 सेकंद. त्याची चाल लिहा, हात मांडीखाली घाला, मग विचार करा. मोहऱ्याला हात लागला तर तेच हलवावं लागतं.

हत्ती आणि प्याद्याचा, बरोबरी वाचवणारा एक शेवट मात्र पाठच हवा. तुम्ही काळे. त्याचं प्यादं ई पाचवर, राजा डी पाचवर, हत्ती एच सातवर. तुमचा राजा ई आठवर, हत्ती ए सहावर. सहावी रांग सोडू नका. प्यादं ई सहावर आलं रे आलं की हत्ती थेट ए एकवर, आणि मागून शह देत राहा. त्याच्या राजाला लपायला आता प्यादं समोर नसतं.

बरोबरी मागायची तर चाल करून, घड्याळ दाबण्याआधी, एकदाच.

हरलात तरी चालींच्या कागदावर सही करून पळू नका, डाव पाहूया का विचारा. म्हापशाच्या त्या पोराने लगेच चौदावी चाल लावली. "अंकल, क्वीन का एक्स्चेंज केली? मला तुमच्या घोड्याचं टेन्शन आलं होतं."